शून्य कराचं रिटर्न: कुणी भरायचं, कसं भरायचं, कुठे अडकतं

मराठीत आपण करही भरतो आणि रिटर्नही भरतो. क्रियापद एकच, त्यामुळे घरोघरी दोन गैरसमज मूळ धरून बसले आहेत. एक, 'मला टॅक्स लागतच नाही, मग रिटर्न कशाला?' दुसरा, 'रिटर्न भरलं की आपण करदाते झालो, आता सगळ्या योजना बंद.' दोन्ही चुकीचे आहेत आणि दोन्हींपायी लोकांचे हक्काचे पैसे जातात. कर म्हणजे सरकारजमा झालेली रक्कम. रिटर्न म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाचा हिशेब. त्या हिशेबात शेवटी कर शून्य आला, तरी काही जणांना तो हिशेब द्यावाच लागतो आणि काहींनी तो आपल्या फायद्यासाठी द्यावा.

इथले आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत, म्हणजे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळातल्या उत्पन्नाचे. आयकर विभागाच्या पोर्टलवर त्यासाठी कर निर्धारण वर्ष 2026-27 निवडायचं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी या वर्षाचं रिटर्न 1961 च्या कायद्याप्रमाणेच जातं. वर्ष चुकीचं निवडणं ही दरवर्षी होणारी पहिली चूक आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

'शून्य' दोन प्रकारचं असतं

पहिला प्रकार: उत्पन्नच मूळ सवलत मर्यादेच्या आत आहे. नव्या करप्रणालीत ही मर्यादा सगळ्या वयांसाठी 4 लाख रुपये आहे. जुन्या प्रणालीत 60 वर्षांखाली अडीच लाख, 60 ते 80 वयासाठी 3 लाख, 80 च्या पुढे 5 लाख.

दुसरा प्रकार: उत्पन्न मर्यादेच्या वर आहे, पण कलम 87ए च्या सूटीमुळे कर शून्य होतो. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर 60,000 रुपयांपर्यंतची सूट मिळते, जुन्यात 5 लाखांपर्यंत 12,500 ची. 'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि त्याचा अर्थ 'बारा लाखांपर्यंत रिटर्न नाही' असा लावला. तसं नाही. ही सूट रिटर्नमध्येच मागायची असते. नव्या प्रणालीत वर्षाला साडेसात लाख पगार घेणाऱ्याचा कर शून्य येतो, पण त्याच्यावर रिटर्नची सक्ती आहे. शिवाय ही सूट शेअर विकून झालेल्या, विशेष दरानं कर लागणाऱ्या नफ्याला नव्या प्रणालीत लागू होत नाही. पगार 9 लाख आणि शेअरमधला अल्पकालीन नफा 40,000 असेल, तर त्या नफ्यावर कर निघतो.

मर्यादा ओलांडली का हे बघताना 80सी वगैरे वजावटींच्या आधीचं उत्पन्न धरायचं. जुन्या प्रणालीत पीपीएफ आणि विम्याचे दीड लाख वजा करून उत्पन्न दोन लाखांवर आणलं, म्हणून सक्तीतून सुटका होत नाही.

उत्पन्न कमी, तरीही सक्ती

ही यादी फार थोड्यांना माहीत असते. उत्पन्न मर्यादेच्या आत असलं, तरी वर्षभरात पुढीलपैकी एक जरी घडलं असेल तर रिटर्न भरावंच लागतं: चालू खात्यांत एक कोटीपेक्षा जास्त भरणा, बचत खात्यांत मिळून 50 लाख किंवा त्याहून जास्त जमा, स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या परदेश प्रवासावर 2 लाखांवर खर्च, 1 लाखाच्या वर वीजबिल, धंद्याची उलाढाल 60 लाखांवर किंवा व्यवसायाची फी 10 लाखांवर, टीडीएस आणि टीसीएस (म्हणजे पैसे देताना कापलेला आणि खरेदीच्या वेळी वसूल केलेला कर) मिळून 25,000 किंवा जास्त, 60 वर्षांपुढच्यांसाठी 50,000. भारतात निवासी असलेल्या व्यक्तीच्या नावावर परदेशात मालमत्ता किंवा बँक खातं असेल तरीही सक्तीच.

यातली बचत खात्याची अट शेतकऱ्यांना अडचणीत आणते. रस्त्यासाठी किंवा प्रकल्पासाठी शेतजमीन गेली, मोबदल्याचे 70 लाख बचत खात्यात आले. मोबदला करमुक्त असू शकतो, शेतीचं उत्पन्न तर करमुक्त आहेच. पण 50 लाखांची रेषा ओलांडली, म्हणजे रिटर्न भरायचं. नाही भरलं तर खात्यात दिसलेल्या रकमेबद्दल काही वर्षांनी नोटीस येते आणि तेव्हा जुने कागद शोधत फिरावं लागतं. तीच गोष्ट मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांची. तिकिटं मुलानं काढली तर खर्च त्याचा; पण वडिलांनी स्वतःच्या कार्डावरून दोघांची अडीच लाखांची तिकिटं काढली, तर निवृत्तिवेतन कितीही कमी असो, रिटर्न भरायचं.

75 वर्षांपुढच्या ज्या निवासी ज्येष्ठांना फक्त निवृत्तिवेतन आणि त्याच बँकेतलं व्याज आहे, त्यांनी ठरावीक बँकेत 12बीबीए हे घोषणापत्र दिलं, तर बँकच हिशेब करून कर कापते आणि रिटर्न भरावं लागत नाही. घोषणापत्र दिलं नसेल तर वय कितीही असलं तरी सवलत नाही.

सक्ती नाही, तरी भरावं असं कुणी

ज्याचा टीडीएस कापला गेला आहे, त्यानं. परतावा मिळवायचा दुसरा रस्ताच नाही. शेअरमध्ये तोटा झाला आहे, त्यानंही भरावं. तोटा पुढच्या वर्षांत वजा करायचा असेल तर रिटर्न मुदतीतच जायला हवं, एक दिवसाचा उशीर झाला तरी तो हक्क जातो. पुढे कर्ज किंवा व्हिसा लागणार असेल त्यांनाही दोन-तीन वर्षांची रिटर्नं हाताशी असलेली बरी, कारण बँका आणि वकिलाती तीच मागतात.

आता योजनांचं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि कुटुंबात कुणी आयकरदाता नको, अशा अटी आहेत. पीएम-किसानमध्ये मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती वगळलेली आहे. अटल पेन्शन योजनेत 1 ऑक्टोबर 2022 पासून आयकरदात्यांना नव्यानं सामील होता येत नाही. तिन्ही ठिकाणचा शब्द कर देणाऱ्याबद्दल आहे, रिटर्न देणाऱ्याबद्दल नाही. पण तपासणीच्या टेबलावर हा फरक आपल्यालाच दाखवून द्यावा लागतो. म्हणून पोचपावती आणि रिटर्न तपासून विभाग नंतर पाठवतो ती कलम 143(1) ची सूचना, दोन्ही छापून ठेवा. त्या सूचनेत एकूण कर शून्य असा स्पष्ट आकडा असतो. मात्र रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न हे तुमच्या सहीचं उत्पन्न आहे. तहसीलच्या दाखल्यावर 80,000 आणि रिटर्नमध्ये 3 लाख, असं करू नका. दोन्हीकडे खरा आकडा द्या.

आधी हे तपासा: ते उत्पन्न खरंच तुमचं आहे का?

गृहिणींच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. पतीनं स्वतःचे 8 लाख पत्नीच्या नावानं मुदत ठेवीत ठेवले, तर त्या ठेवीचं व्याज कलम 64 प्रमाणे पतीच्या उत्पन्नात मिळवलं जातं. ठेव तिच्या नावावर आणि टीडीएस तिच्या पॅनवर असला, तरी उत्पन्न त्याचं. अशा व्याजाचं शून्य रिटर्न पत्नीच्या नावानं भरून परतावा घेणं चुकीचं आहे. पतीनं ते व्याज आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचं आणि टीडीएस त्याच्या पॅनवर दाखवण्यासाठी बँकेला लेखी निवेदन द्यायचं. पैसा तिचा स्वतःचा असेल, म्हणजे माहेरून आलेला, वारसानं मिळालेला, लग्नाआधीच्या नोकरीतला किंवा स्वतःच्या कामाचा, तर व्याज तिचंच. पैसा कुठून आला याचा एखादा कागद जपून ठेवा.

गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेखालची समाईक मालमत्ता पद्धत लागू असलेल्या पती-पत्नींचं पगार सोडून इतर उत्पन्न, म्हणजे घरभाडं, व्याज, धंद्याचा नफा, कलम 5ए प्रमाणे दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. नवऱ्याला दुकानातून 10 लाख नफा असेल, तर घर सांभाळणाऱ्या बायकोच्या नावावर 5 लाख येतात आणि तिचं वेगळं रिटर्न सक्तीचं होतं. अशा जोडप्यांना आयटीआर-1 हा सगळ्यात साधा फॉर्म चालत नाही.

फॉर्म कोणता

व्याज, निवृत्तिवेतन, पगार, घरभाडं, लाभांश, आणि सूचीबद्ध शेअर किंवा इक्विटी फंडांतला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा, एवढंच असेल तर आयटीआर-1, म्हणजे 'सहज'. निवासी व्यक्तीसाठीच.

शेतीचं उत्पन्न वर्षाला 5,000 च्या वर असेल तर 'सहज' बंद, आयटीआर-2 घ्यायचा. गावाकडच्या बहुतेकांचं रिटर्न इथेच चुकतं, कारण 'सहज'मध्ये शेतीच्या रकान्यात 5,000 पेक्षा मोठा आकडा जातच नाही, मग कुणीतरी 5,000 टाकून मोकळं होतं. आयटीआर-2 मध्ये करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात ढोबळ उत्पन्न, खर्च आणि निव्वळ उत्पन्न लिहायचं. निव्वळ 5 लाखांच्या वर गेलं तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, पिनकोड, किती एकर, स्वतःची की खंडानं, बागायत की कोरडवाहू, हेही भरावं लागतं. सातबारा समोर ठेवूनच बसा, त्यावर हेक्टर-आर असतात आणि फॉर्मला एकर लागतात. एक हेक्टर म्हणजे 2.47 एकर.

दूध आणि कुक्कुटपालन यांना आपण शेतीचे जोडधंदे म्हणतो, पण आयकराच्या दृष्टीनं ते शेतीचं उत्पन्न नाही, धंद्याचं आहे. डेअरीकडून वर्षाला 6 लाख बँकेत आले, तर कलम 44एडी प्रमाणे किमान 6 टक्के, म्हणजे 36,000 नफा दाखवता येतो. रोखीनं आलेल्या रकमेवर 8 टक्के. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. यासाठी आयटीआर-4, 'सुगम'. पण सोबत शेतीचं उत्पन्न 5,000 च्या वर असेल तर सुगमही चालत नाही, आयटीआर-3 वर जावं लागतं. वायदे बाजारात व्यवहार करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही सहसा आयटीआर-3 लागतो; तिथला तोटा हा धंद्याचा तोटा असतो.

अनिवासी भारतीयांना 'सहज' चालत नाही. एनआरओ खात्याच्या, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठी असलेल्या खात्याच्या व्याजावर 30 टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो, आणि इथलं एकूण उत्पन्न मर्यादेत असेल तर आयटीआर-2 भरून ती सगळी रक्कम परत मिळू शकते.

बसण्याआधी तीन गोष्टी

पॅन आणि आधार जोडलेलं हवं. नसेल तर पॅन निष्क्रिय होतं, टीडीएस 20 टक्क्यांनी कापला जातो आणि परतावा निघत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं इथे फार अडतं: पॅन माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, आणि बँकेच्या पासबुकात आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं. तीन ठिकाणी तीन नावं. आधी आधार आणि पॅनवरचं नाव एक करून घ्या, मग बँकेत केवायसी दुरुस्त करा. उलट क्रमानं केलं तर बँकेत दोनदा जावं लागतं.

दुसरं, बँक खातं. पोर्टलवर 'माय प्रोफाईल'मध्ये 'माय बँक अकाऊंट' असतं. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून ते प्रमाणित करायचं आणि परताव्यासाठी निवडायचं. खात्यावरचं नाव पॅनशी जुळलं नाही की प्रमाणीकरण फसतं. बँकांच्या विलीनीकरणानंतर बरेच आयएफएससी बदलले, पासबुकावर मात्र जुनेच आहेत. बँकेतून सध्याचा विचारून घ्या. पतसंस्थेचं खातं चालत नाही, ती बँक नाही.

तिसरं, 26एएस आणि एआयएस हे दोन तक्ते. 26एएस मध्ये तुमच्या पॅनवर जमा झालेला टीडीएस दिसतो, एआयएसमध्ये व्याज, लाभांश, शेअर, मोठे खर्च असं बरंच काही. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख आठ आकड्यांत. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण बँका 31 मेपर्यंत देतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये 26एएस अर्धवट असतं. घाई न करता जूनच्या मध्यानंतर बसा. 26एएस मध्ये नोंदीच्या पुढे 'एफ' हे अक्षर असलं की रक्कम पक्की. 'यू' असेल तर बँकेनं पैसे भरलेले जुळलेले नाहीत. रिटर्न भरण्याआधी शाखेत जा.

एआयएसमध्ये दिसत नाही म्हणजे उत्पन्न नाही, असं मात्र समजू नका. पतसंस्थेचं व्याज तिथे पुष्कळदा नसतं, तरी मोजायचं असतं. आणि संचयी ठेवीचं व्याज हातात येत नसलं तरी दरवर्षी मोजलं जातं, त्यावर दरवर्षी टीडीएसही कापला जातो. 'ठेव तर अजून मोडली नाही' म्हणून ते सोडून दिलं, की पाच वर्षांनी टीडीएसची रक्कम परत मिळवणं अवघड होऊन बसतं.

प्रत्यक्ष भरणं, एका उदाहरणासह

एक गृहिणी धरू, वय 48. माहेरच्या वाटणीतून आलेले 8 लाख रुपये एका बँकेत 7 टक्क्यांनी ठेवलेत. वर्षाचं व्याज 56,000. एका बँकेतलं व्याज 50,000 च्या वर गेलं की (60 वर्षांपुढच्यांसाठी 1 लाखाच्या वर) टीडीएस कापला जातो, आणि तो वरच्या 6,000 वर नव्हे, पूर्ण व्याजावर. म्हणजे 10 टक्क्यांनी 5,600 गेले. बचत खात्याचं व्याज 2,340. एकूण उत्पन्न 58,340. कर शून्य, परतावा 5,600.

incometax या सरकारी पोर्टलवर पॅन टाकून आत जा. 'ई-फाईल', 'इन्कम टॅक्स रिटर्न्स', 'फाईल इन्कम टॅक्स रिटर्न'. कर निर्धारण वर्ष 2026-27, पद्धत ऑनलाईन. 'स्टार्ट न्यू फायलिंग', मग 'इंडिव्हिज्युअल', मग आयटीआर-1. पुढे पोर्टल विचारतं, रिटर्न कशासाठी भरताय? पर्याय तीन: उत्पन्न मूळ मर्यादेपेक्षा जास्त आहे, कलम 139(1) च्या सातव्या परंतुकातल्या (म्हणजे वरच्या सक्तीच्या यादीतल्या) अटींमुळे, आणि 'अदर्स'. आपल्या उदाहरणात 'अदर्स'. मोबदल्याच्या 70 लाखांसारखं काही असेल तर दुसरा पर्याय निवडून रक्कम लिहावी लागते. पहिला पर्याय सवयीनं टिचकून पुढे जाऊ नका.

मग पाच भाग समोर येतात, प्रत्येक उघडून तपासून 'कन्फर्म' करायचा.

वैयक्तिक माहितीत 'नेचर ऑफ एम्प्लॉयमेंट'ला नोकरी नसेल तर 'नॉट ॲप्लिकेबल'. नव्या करप्रणालीतून बाहेर पडायचंय का, याला 'नो'. उत्पन्न शून्याच्या घरात असताना जुन्या प्रणालीचा काही फायदा नाही.

दुसरा भाग एकूण उत्पन्नाचा, आणि सगळं इथेच ठरतं. 'इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस'मध्ये यादीतून 'इंटरेस्ट फ्रॉम सेव्हिंग अकाऊंट' निवडून 2,340 आणि 'इंटरेस्ट फ्रॉम डिपॉझिट' निवडून 56,000 लिहा. व्याजाचा पूर्ण आकडा लिहायचा, टीडीएस कापून हातात आलेला 50,400 नव्हे. आकडे आधीच भरलेले दिसतील, पण एखाद्या बँकेचं व्याज सुटलेलं किंवा दोनदा आलेलंही असतं. पासबुकाशी ताडून बघा. पतीच्या निधनानंतर मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतनही इथेच, पगारात नाही. त्यातून एक तृतीयांश किंवा 25,000, जे कमी असेल ते वजा होतं. मागच्या वर्षी परतावा आला असेल तर त्यासोबत आलेलं व्याजही याच भागात दाखवायचं. परताव्याची मूळ रक्कम उत्पन्न नाही, त्यावरचं व्याज आहे.

वजावटींच्या भागात काही नाही, 'कन्फर्म' करून पुढे. 'टॅक्स पेड'मध्ये पगाराव्यतिरिक्तचा टीडीएस बघा: बँकेचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), रक्कम 56,000, कर 5,600. हे 26एएस शी जुळलं पाहिजे. शेवटच्या भागात एकूण कर 0 आणि परतावा 5,600 दिसायला हवा.

इथे एक चूक इतकी नेहमीची आहे की वेगळी सांगायला हवी. 'माझं उत्पन्न शून्य' म्हणून उत्पन्नाच्या रकान्यांत सगळीकडे शून्य टाकलं जातं आणि टीडीएस मात्र मागितला जातो. ज्या उत्पन्नावर तो कापला ते उत्पन्नच रिटर्नमध्ये नाही, म्हणून कलम 139(9) खाली सदोष रिटर्नची नोटीस येते. दुरुस्तीला 15 दिवस असतात. ते चुकले तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं. शून्य यायचं असतं ते कराच्या रकान्यात. उत्पन्नाच्या रकान्यात खरा आकडा लिहा.

'प्रिव्ह्यू'मध्ये सगळं एकदा वाचा, वडिलांचं नाव आणि ठिकाण तपासा, 'व्हॅलिडेट' करा आणि पडताळणीकडे जा.

पडताळणी झाली तरच रिटर्न झालं

सादर केल्यापासून 30 दिवसांत पडताळणी हवी. सर्वांत सोपी आधारच्या ओटीपीनं, पण मोबाईल आधारला जोडलेला हवा. घरातल्या सगळ्यांच्या आधारला मुलाचा नंबर असेल तर मुलगा जवळ असताना बसा. नेटबँकिंग, प्रमाणित बँक खातं किंवा डीमॅट खात्यातूनही होते. काहीच जमत नसेल तर आयटीआर-व्ही हा पडताळणीचा कागद छापा, निळ्या शाईनं सही करा आणि साध्या किंवा स्पीड पोस्टानं बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे पाठवा, पिनकोड 560500. 30 दिवसांत तो तिथे पोचायला हवा. पडताळणी राहिली तर पोर्टलवर रिटर्न दिसत राहतं, पण कायद्यानं ते भरलेलं नसतं. परतावा का येत नाही म्हणून सहा महिने वाट पाहणाऱ्यांपैकी कित्येकांचं कारण एवढंच असतं.

नंतर ईमेलवर 143(1) ची सूचना येते. तुमचा आणि विभागाचा आकडा शेजारी-शेजारी दिलेला असतो. फरक असेल तर तो नेमका कुठल्या ओळीत आहे ते बघून दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मुदतीत रिटर्न गेलं असेल तर परताव्यावर 1 एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळतं. आपल्या उदाहरणात महिना 28 रुपये. जुन्या वर्षाची काही मागणी बाकी असेल तर ती परताव्यातून वळती होते, तशी सूचना आधी येते, तिला उत्तर द्या.

पुढच्या वर्षी टीडीएस कापूच नये असं वाटत असेल तर बँकेत वर्षाच्या सुरुवातीलाच स्वयंघोषणापत्र द्यायचं. आजवर 60 वर्षांखाली 15जी आणि पुढे 15एच या नावांनी ते ओळखलं जात आलं आहे. प्रत्येक बँकेत वेगळं, दरवर्षी नव्यानं. ज्यांचं उत्पन्न खरोखर मर्यादेत आहे त्यांनीच द्यावं, खोटं घोषणापत्र गुन्हा आहे.

एजंटाबद्दल

पोर्टलवर रिटर्न भरायला एक पैसाही लागत नाही. मदतीला कुणी घेतलं तर त्याचं मानधन द्यावं, पण पासवर्ड, नोंदणीचा मोबाईल आणि ईमेल आपलाच ठेवा. नोटीस त्याच ईमेलवर येते. तो एजंटाचा असेल तर तुम्हाला कळणारही नाही. कर्जासाठी 'शिकवणीचं तीन लाख उत्पन्न दाखवून देतो' किंवा 'खोट्या वजावटी टाकून जास्त परतावा काढून देतो' असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. रिटर्नवर सही तुमची असते आणि खोट्या माहितीसाठी कलम 277 खाली खटला तुमच्यावर होतो. उत्पन्न खरंच शून्य असेल तर शून्याचं रिटर्न भरता येतं, ते स्वीकारलं जातं.

तारीख चुकली तर

आयटीआर-1 आणि 2 साठी कायद्यातली तारीख 31 जुलै. 2025 मध्ये ती आधी 15 आणि मग 16 सप्टेंबर केली होती, पण मुदतवाढीवर विसंबू नका. उशिराचं रिटर्न 31 डिसेंबरपर्यंत जातं. उत्पन्न मूळ मर्यादेच्या आत असेल आणि वरची कुठलीच सक्ती नसेल, तर विलंब शुल्क लागत नाही. सक्ती असेल तर 5 लाखांपर्यंत उत्पन्नाला 1,000 रुपये आणि त्यावर 5,000. बारा लाखांच्या सूटीवर विसंबून राहिलेल्या पगारदारांना हे 5,000 कर शून्य असूनही द्यावे लागतात.

डिसेंबरही गेला तर अद्ययावत रिटर्नचा रस्ता आहे असं बरेच जण सांगतात. तो परतावा मागणाऱ्यांसाठी नाही. ज्यांना जास्तीचा कर भरायचा आहे त्यांच्यासाठीच आहे. अडकलेल्या टीडीएससाठी पोर्टलवर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, कलम 119(2)(बी) खाली, कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. उशीर का झाला याचं खरं कारण आणि त्याचा कागद, उदाहरणार्थ आजारपणाचे दवाखान्याचे कागद किंवा मृत्यूचा दाखला, सोबत जोडायचा. अर्ज मंजूर झाल्यावर त्या जुन्या वर्षाचं रिटर्न भरून परतावा मागता येतो.